नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब : परिचर्येतील जीवनलक्षणांची प्रस्तावना

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, माढा तालुक्यात, पंढरपूर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान मोडनिंब हे गाव वसलेले आहे. येथून सोलापूरचे मोठे सरकारी रुग्णालय सुमारे ६० किलोमीटरांवर आहे. रस्ता रुंद झाल्यामुळे आणि वाहने वाढल्यामुळे हे अंतर दिवसाउजेडी फारसे जाणवत नसले, तरी मध्यरात्री एखाद्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेनासा होतो, उसाच्या फडात पाय टाकलेल्या मजुराला घोणस डसते किंवा चार दिवसांचे तान्हे अंगावर पिईनासे होते, तेव्हा त्या अंतराची खरी लांबी घरच्या माणसांना कळून येते. अशा घटकेला रोग्याजवळ पुष्कळदा डॉक्टर नसतो, परिचारिका असते. आणि तिच्या हाताशी साधने म्हणाल तर एक तापमापक, सेकंदकाट्याचे एक घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि अलीकडच्या काळात बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर, एवढीच असतात. एवढ्या सामग्रीवर तिला ठरवायचे असते की हा रोगी येथे ठेवता येईल की पुढे पाठवावा लागेल, आणि पाठवायचाच असेल तर आत्ता की उजाडल्यावर. हा निर्णय ज्या पुराव्यावर उभा राहतो तो पुरावा म्हणजे जीवनलक्षणांची नोंद होय.

शरीराचे तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब या चार लक्षणांना आधुनिक वैद्यकाने जीवनलक्षणे मानले आहे, आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण व रोग्याची शुद्ध या दोहोंची भर आता त्यांत घातली जाते. दवाखान्यात टी.पी.आर. आणि बी.पी. या अक्षरांनी ओळखले जाणारे हे काम दिवसातून इतक्या वेळा होते की, ते केवळ शिरस्त्याचे काम आहे, नव्या मुलींनी उरकून टाकावे आणि रकाने भरले की संपले, असा समज रुग्णालयाच्या आतही रुजलेला दिसतो. या समजामुळे रोग्यांचे जे नुकसान होते ते कोणत्याही दप्तरात नमूद होत नाही. म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाने आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीवनलक्षणाच्या एकट्या आकड्यात फार थोडे सामर्थ्य असते. तोच आकडा ठरावीक वेळाने, त्याच रीतीने, प्रत्यक्ष रोग्याला हात लावून पुनःपुन्हा घेतला आणि जसा आला तसा लिहिला, म्हणजे त्या आकड्यांच्या क्रमातून शरीरात चाललेल्या झगड्याचा उलगडा होऊ लागतो. जेथे डॉक्टर दूर आहे, तेथे साऱ्या वैद्यकशास्त्राची उपयुक्तता या क्रमाच्या सत्यतेवर येऊन ठेपते, हे या प्रस्तावनेतील मुख्य प्रतिपादन आहे.

रोग्याजवळ बसणाऱ्या माणसाचे महत्त्व आपल्या पूर्वाचार्यांना अज्ञात नव्हते. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. आणि परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता असे चार गुण असावेत अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. नाडीपरीक्षेचा विचार पुढे शार्ङ्गधरसंहितेत आला, आणि सर्प, बेडूक, हंस यांच्या गतींवरून नाडीच्या चालीचे वर्णन करण्याची परंपरा आपल्याकडे रूढ झाली. निष्णात वैद्याच्या बोटांना जे कळे ते तुच्छ लेखण्याचे काहीच कारण नाही. तथापि ते ज्ञान त्या बोटांपुरते राही, वैद्य उठून गेला की त्याच्याबरोबर जाई, आणि मोडनिंबच्या वैद्याला काल काय जाणवले हे सोलापूरच्या वैद्याला आज पडताळून पाहता येत नसे. मापनाने ही अडचण दूर केली. कागदावर लिहिलेला नाडीचा आकडा, तो घेणारी सिस्टर घरी गेल्यावरही टिकतो, रोग्याबरोबर गाडीतून प्रवास करतो, आणि ज्याने त्या रोग्याला पूर्वी कधी पाहिले नाही त्या डॉक्टरालाही काल रात्री काय घडले ते सांगतो.

ही सोय मनुष्यजातीला सहजासहजी लाभलेली नाही. इटलीतील सांतोरियो याने सतराव्या शतकाच्या आरंभी लंबकाच्या साहाय्याने नाडी मोजण्याचा आणि नळीतील द्रवाच्या चढउतारावरून शरीराची उष्णता अजमावण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडातील जॉन फ्लॉयर याने १७०७ मध्ये नाडीसाठी एक मिनिट चालणारे खास घड्याळ प्रचारात आणले. तरीही दीडशे वर्षे ही साधने बहुतेक वैद्यांच्या खिजगणतीत नव्हती. जर्मनीतील कार्ल वुंडरलिश याने सुमारे पंचवीस हजार रोग्यांच्या तापमानाचा अभ्यास करून १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ताप हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे लक्षण आहे व प्रत्येक रोगात त्याची चढउतार निराळी असते, हे त्याने आलेख काढून दाखविले. त्या काळचा तापमापक जवळजवळ एक फूट लांब असे आणि स्थिर होण्यास वीस मिनिटे घेई. थॉमस क्लिफर्ड ऑलबट याने १८६६ च्या सुमारास सहा इंचांचा आणि पाच मिनिटांत काम देणारा तापमापक तयार केला, तेव्हा कोठे तो रोग्याच्या खाटेपाशी येऊ शकला. १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोची याने दंडाला गुंडाळावयाच्या पट्ट्याचे रक्तदाबयंत्र सिद्ध केले, आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कॉव्ह याने पट्ट्याखालील रोहिणीवर नळी टेकवून ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ठरविण्याची रीत सांगितली. आज तालुक्यातील कोणत्याही उपकेंद्रात जी रीत चालते ती तीच आहे.

साधने हलकी झाली तशी ती परिचारिकेच्या हाती आली, आणि ती तिच्या हाती येण्यापूर्वीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या पुस्तकात रोग्याच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण देऊन या कार्याचा पाया घातला होता. आपल्याकडे परिचर्येची वाट सोपी नव्हती. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे घरंदाज स्त्रीचे काम नव्हे, हा ग्रह सर्व जातींत कमीअधिक होता. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची सेवा करता करता १० मार्च रोजी देह ठेवला, तेव्हा सेवेच्या या कल्पनेला या भूमीत एक अत्युच्च उदाहरण मिळाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या शिक्षणासाठी दाखल झाल्या, अशी नोंद भारतीय परिचर्येच्या इतिहासात आढळते. आणि १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून देऊन समाजाचा तो ग्रह हळूहळू सैल केला. मिरजेस विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयाशेजारी परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. कुर्डुवाडी ते पंढरपूर हा बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९०६ मध्ये मोडनिंबवरून गेला आणि १९२७ मध्ये तो मिरजेपर्यंत पोहोचला, तेव्हा या टापूतील रोग्याला एकाच मार्गाने त्या रुग्णालयाच्या दारापर्यंत जाणे शक्य झाले. रेल्वे आली, पुढे रस्ते आले, परंतु रोगी गाडीत चढेपर्यंतच्या तासांची राखण करणारे माणूस गावातच हवे असते, ही गरज मात्र तशीच राहिली.

आता प्रत्येक लक्षणाचा थोडक्यात विचार करू. तापमान हे सर्वांच्या ओळखीचे. निरोगी माणसाचे तोंडातील तापमान फॅरनहाइट मापाने सुमारे ९८.६ अंश मानतात. पहाटे ते थोडे कमी व सायंकाळी थोडे अधिक असते, आणि काखेतील आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी येतो, म्हणून आकड्याबरोबर जागाही लिहिली पाहिजे. पाऱ्याचा तापमापक ९५ अंशांखाली झटकून घेणे, काखेतील घाम पुसून तो पुरेसा वेळ ठेवणे, नुकताच गरम चहा घेतला असेल तर पंधरा मिनिटे थांबणे, हे नियम लहान वाटतात, परंतु ते मोडले की नोंद खोटी ठरते. हिवतापात ताप पुष्कळदा एकाआड एक दिवस थंडी वाजून चढतो आणि घाम येऊन उतरतो. विषमज्वरात तो दिवसेंदिवस चढत जाऊन वर स्थिरावतो, आणि ताप वाढूनही नाडी त्या प्रमाणात वेग घेत नाही, ही विसंगती जाणत्या परिचारिकेच्या नजरेतून सुटत नाही. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा तर या लक्षणाला निराळेच महत्त्व देतो. चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंश सेल्सियसच्या वर जातो, शेतात किंवा वीटभट्टीवर राबणारा माणूस एकाएकी बरळू लागतो, आणि त्याचे अंग १०४ अंशांवर गेलेले आढळते. हा उष्माघात होय. येथे तापाची गोळी देत बसण्यात अर्थ नसतो, ओले कपडे, पाणी आणि वारा यांनी अंग थंड करण्याचे काम गाडी येण्याची वाट न पाहता सुरू करावे लागते. उलटपक्षी, म्हाताऱ्या माणसाला रक्तात जंतू शिरूनही ताप येत नाही, कधी अंग उलट गार लागते. तेव्हा ताप नाही एवढ्यावर निर्धास्त होणे धोक्याचे असते.

नाडी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस, तर्जनी, मध्यमा व अनामिका यांनी पाहावयाची. अंगठ्याने पाहू नये, कारण त्याच्या स्वतःच्या रोहिणीचे ठोके बोटाला फसवितात. प्रौढ माणसाची स्वस्थ बसलेली नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि नवजात अर्भकाची १२० ते १६० असते. संख्येइतकेच महत्त्व नाडीच्या लयीला आणि भरीवपणाला आहे. ठोके अनियमित असतील तर पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय सोडून पूर्ण मिनिट मोजले पाहिजे, आणि शक्य तर छातीवर नळी लावून हृदयाचे ठोकेही ताडून पाहिले पाहिजेत. भरीव नाडी हळूहळू दोऱ्यासारखी बारीक होत जाणे हे रक्ताभिसरण खचत असल्याचे चिन्ह आहे, आणि ते कोणत्याही स्वयंचलित यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही; ते बोटांनाच कळते.

या सर्वांत अधिक दुर्लक्षित लक्षण श्वास हे होय. प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात; परंतु ते मोजण्यासाठी यंत्र लागत नाही, म्हणूनच की काय, ते मोजण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि केसपेपरावर एकाखाली एक वीस, वीस, वीस असे आकडे उतरत जातात. वास्तविक रोगी ढासळू लागला की अनेकदा सर्वांआधी श्वासच वेग घेतो. आपले श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणूस ते नकळत बदलतो. म्हणून नाडी पाहून झाल्यावर हात तसाच धरून ठेवून छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत, अशी जुन्या सिस्टरांची शिकवण आहे आणि ती आजही योग्य आहे. बालकांत तर श्वासाची मोजणी ही निदानच ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी की, खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलाचे शांत असताना मोजलेले श्वास दोन महिन्यांच्या आतील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५०, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक भरले तर तो वेग धोक्याचा समजावा. आणि बाळाचे पोट उडत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये.

ही मोजणी किती प्राण वाचवू शकते याचा पुरावा शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन करीत, तापमान पाहत, श्वास मोजत, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखत आणि घरीच उपचार करीत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. आपल्या जिल्ह्याला अधिक जवळचे उदाहरण जामखेडचे आहे, तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले, त्यांतील पुष्कळजणींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, तरी गरोदर बाईचा रक्तदाब पाहणे आणि धोका ओळखून वेळीच पाठविणे ही कामे त्या विश्वासाने करू लागल्या. आज गावोगाव हिंडणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत तापमापक, घड्याळ आणि वजनकाटा आहे, त्यामागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे. बिनचूक मापनाला मोठी पदवी लागत नाही. नीट शिक्षण, सराव आणि आपल्या आकड्यावर पुढे काही कृती होईल असा विश्वास, या तीन गोष्टी पुरतात.

रक्तदाबाचे मापन मात्र सर्वांत अधिक चुका पोटात घेणारे आहे. रोग्याला पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे, पाठ टेकलेली व पाय जमिनीवर असावेत, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवलेला असावा, आणि मोजताना त्याने किंवा आपण बोलू नये. हात खाली लोंबता राहिला, पट्टा दंडाच्या मानाने लहान पडला, बाहीवरूनच गुंडाळला, लघवी तुंबलेली असली, अथवा अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री झाली असली, तर आकडा चुकतो, आणि बहुधा वरच्या बाजूस चुकतो. प्रथम नाडी चाचपून पट्टा फुगवावा, नाडी लागेनाशी झाल्यावर आणखी तीस अंक वर न्यावा, आणि मग सेकंदाला दोन-तीन अंकांच्या गतीने उतरवीत ध्वनी ऐकावेत. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात हे सारे साधणे कठीण आहे, हे मान्य. परंतु एका चुकीच्या आकड्यावरून एखाद्याला जन्मभराच्या गोळ्या सुरू होतात, आणि दुसऱ्या चुकीच्या आकड्यामुळे गरोदर बाईचा १४० वर ९० असा वाढलेला दाब नजरेआड होऊन ती झटके येईपर्यंत घरीच राहते, हेही तितकेच खरे आहे.

ऑक्सिमीटर हे घरोघर पोहोचलेले नवे साधन. १९७० नंतरच्या दशकात जपानी अभियंता ताकुओ आओयागी याने ज्याचे तत्त्व शोधले ते हे चिमुकले यंत्र २०२० च्या महासाथीने खेड्यांत आणले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या राज्याच्या मोहिमेत पथके दारोदार जाऊन ताप आणि प्राणवायूचे प्रमाण पाहत होती. दम न लागलेल्या, हसून बोलणाऱ्या माणसाचाही प्राणवायू घसरलेला असू शकतो, हे त्या वर्षात सर्वांनी पाहिले. तथापि बोटे गार पडली असतील किंवा नखांना रंग असेल तर यंत्र चुकते, सावळ्या कातडीवर ते काही वेळा प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखविते, आणि श्वास मोजण्याची जागा ते घेऊ शकत नाही. शेवटचे लक्षण रोग्याच्या शुद्धीचे. रोगी पूर्ण जागा आहे, हाकेला ओ देतो, केवळ वेदनेला प्रतिसाद देतो, की निश्चल आहे, या चार पायऱ्यांनी त्याची नोंद करता येते. 'आजी आज काहीबाही बोलतात' असे सुनेने सांगितले, तर ते वयावर ढकलू नये. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेल्या धोकासूचक गुणांच्या तक्त्यात २०१७ च्या सुधारणेने नव्याने उद्भवलेल्या बुद्धिभ्रमाचा मुद्दाम समावेश केला, तो याच कारणास्तव.

लक्षणे अशी एकेक समजून घेतली, तरी परिचारिकेचे खरे कौशल्य ती एकत्र वाचण्यात आहे. समजा, रात्री दहाला बाळंत झालेल्या स्त्रीची नाडी ८४ आणि रक्तदाब ११० वर ७० आहे. साडेदहाला नाडी ९८ आणि दाब १०८ वर ७०. अकराला नाडी ११६, दाब १०४ वर ७२ आणि श्वास २४. यांतील रक्तदाबाचा कोणताही आकडा एकटा पाहिला तर त्यात घाबरण्यासारखे काहीच दिसत नाही. परंतु शरीरातील रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाईपर्यंत हृदय आपला वेग वाढवून आणि रक्तवाहिन्या आकसून दाब सावरून धरतात, आणि तोल सुटला की तो एकदम कोसळतो. म्हणून चढती नाडी, वाढता श्वास आणि वरच्या-खालच्या दाबांतील कमी होत जाणारे अंतर हे तिन्ही एकत्र वाचणारी सिस्टर अकरा वाजताच पोट चाचपते, गर्भाशय सैल पडले आहे का पाहते, डॉक्टरांना फोन लावते आणि गाडी बोलावते. केवळ दाब पाहणारी साडेअकरापर्यंत थांबते. या अर्ध्या तासात ६० किलोमीटरांच्या रस्त्यातील पुष्कळसा भाग कापून झाला असता.

विंचवाच्या विषाची कथा याहून बोलकी आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुले, मोठ्या संख्येने दगावत असत. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम आणि हातापायांचा गारवा यांची तासातासाला पाहणी केली, आणि त्या पाहणीतून रोगाचा क्रम स्पष्ट झाला. आधी दाब वाढतो, हातपाय गार पडतात, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. त्यावरून प्राझोसिन हे औषध वेळीच देण्याचा उपाय निघाला, आणि गंभीर रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. हे संशोधन कोणत्याही भव्य प्रयोगशाळेत झाले नाही, ग्रामीण दवाखान्यात झाले, आणि त्याची मुख्य सामग्री जीवनलक्षणे हीच होती. मोडनिंबच्या परिसरातही विंचू आहेत, घोणस आहे, मण्यार आहे. मण्यारीच्या दंशात जागेवर सूजही येत नाही, पापण्या जड होतात आणि श्वास हळूहळू उथळ होत जातो. एका श्वासात रोग्याला कोठवर अंक मोजता येतात हे दर काही मिनिटांनी पाहून लिहिणारी परिचारिका, तो श्वास थांबण्यापूर्वीच धोका ओळखू शकते.

हे सर्व ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे नोंदीची सचोटी. बांधावर न जाता चावडीत बसून पीकपाहणी लिहिली, तर सातबारावर ज्वारी उभी राहते आणि शेतात ऊस असतो, आणि दुष्काळाची मदत वाटताना त्या खोट्या नोंदीची झळ शेतकऱ्याला लागते. रोग्याला हात न लावता केसपेपरावर उतरविलेल्या आकड्यांचे तसेच आहे, फरक एवढाच की येथे फिर्याद करण्यास फिर्यादी उरत नाही. न घेतलेले माप लिहू नये; घेता आले नाही तर तसे लिहावे आणि कारण द्यावे. आकडा शून्यावर किंवा पाचावर आणून गोल करू नये. शंका आली तर दुसऱ्या हातावर, दुसऱ्या यंत्राने पुन्हा पाहावे, आणि वेळ घड्याळात पाहूनच टाकावी. रिकामा रकाना पुढच्या माणसाला सावध करतो, खोटा आकडा त्याला निर्धास्त करतो.

परंतु ही जबाबदारी एकट्या परिचारिकेच्या पदरात टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. एकीच्या अंगावर चाळीस-पन्नास खाटा सोपवायच्या, औषधवाटप, सलाइन, लसीकरण, ऑनलाइन माहिती भरणे ही सारी कामे तिच्याकडूनच घ्यायची, आणि मग प्रत्येक श्वास पूर्ण मिनिट का मोजला नाही म्हणून जाब विचारायचा, हा न्याय नव्हे. लहान, मध्यम व मोठ्या दंडांसाठी निरनिराळे पट्टे, वेळच्या वेळी बदललेले बॅटरीचे सेल, यंत्रांची ठरावीक मुदतीने खातरजमा, आणि मोजण्यास पुरेसा वेळ, एवढे पुरविणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. डॉक्टरांचेही एक कर्तव्य आहे. रात्री दोन वाजता 'सर, पेशंटची नाडी वाढत चालली आहे' असे सिस्टरने कळविले आणि ती पहाटेपर्यंत आपोआप उतरली, तरी तिला बोल लावू नये. एकदा बोलणी खाल्लेली परिचारिका पुढच्या वेळी फोन करण्यास कचरते, आणि त्या कचरण्याची किंमत रोगी चुकवितो. जो आकडा कोणी वाचीतच नाही, तो काळजीपूर्वक लिहिण्याची उमेद फार काळ टिकत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

ज्यांच्या हाती हे काम आहे त्या भगिनींना आणि बंधूंना माझी विनंती अशी की, नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी रोग्याला नावाने किंवा नात्याने हाक मारावी, 'मावशी, हात जरा सैल सोडा' एवढे तरी बोलावे, आणि ते एक मिनिट पूर्णपणे त्याला द्यावे. दिवसभराच्या धावपळीत कोणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन पाहिले, ही जाणीव त्याला धीर देते, आणि तुम्हालाही कागदावर न मावणारे बरेच काही त्या मिनिटात कळते. घरच्या माणसांनी इंजेक्शन आणि सलाइन यांचा आग्रह धरण्याऐवजी ताप किती, नाडी किती, दाब किती हे विचारावे, ते आकडे तारीख-वेळेसह एका वहीत लिहून ठेवावेत, आणि रोग्याला पुढे नेताना ती वही न विसरता बरोबर न्यावी. उपकेंद्र असो वा मोठे रुग्णालय, बिघडलेले यंत्र बदलून देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते काम उद्यावर टाकू नये. वाचकांपैकी प्रत्येकाने आपल्या घरात एक चांगला तापमापक ठेवावा, घड्याळाकडे पाहत लहान मुलाचे श्वास मोजण्यास आजच शिकून घ्यावे, आणि शिकलेले शेजारच्या घरी सांगावे.

मोडनिंब, जिल्हा सोलापूर